थेंब, पुसल्यावर गेला

"खरं सांग, मारणार नाही."

ताईचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मी सात वर्षांची, ती बाराची. शाईची दौत लवंडलेली असायची, नाहीतर कपाचा कान तुटलेला, आणि मी दाराआड भिंतीला चिकटून उभी. आई कामावर. ताई कमरेवर हात ठेवून म्हणायची, "खरं सांग, मारणार नाही." मी सांगायचे. ती मारायची. मग मलाच मांडीत घेऊन केस विंचरत बसायची आणि स्वतः जुळवलेलं काहीबाही गुणगुणायची:

थेंबाचा गं भार, पानाला होत नाही,
खोट्याचा गं भार, मनाला पेलत नाही.

"मारणार नाही म्हणाली होतीस," मी हुंदक्यांतून म्हणायचे.

"ते तू सांगायच्या आधी म्हणाले होते. तेव्हा मला कुठं माहीत होतं, अख्खी दौत सांडलीयस ते?"

"मग तूपण खोटंच बोललीस."

"मी मोठी आहे. मला एखादं चालतं."

आता मी त्रेपन्न वर्षांची आहे. माणसाच्या शिरेत किरणांचं थोडंसं औषध टोचायचं, ते अंगात कुठं कुठं जाऊन बसतं त्याचं चित्र काढायचं, आणि ते डॉक्टरांपुढे ठेवायचं, हे माझं काम. एक्स-रेवाले बाहेरून किरण सोडतात. आमच्याकडे ते माणसाच्या आतून येतात. म्हणून औषध टोचलं की पेशंटपासून दोन पावलं लांब राहायचं, ही इथली पहिली शिकवण. दुसरी अशी की चित्रात काही दिसलं तरी चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही. लोक पडद्याकडे बघत नाहीत, आमच्या तोंडाकडे बघतात. "काय दिसलं हो?" असं विचारतात. "डॉक्टर सांगतील." सव्वीस वर्षं हे दोन शब्द बोलून बोलून माझ्या तोंडाची चव गेली आहे. संध्याकाळी पाय सुजतात, चपलेचा पट्टा सैल करूनच घरी जाते.

आमच्याकडे दोन यंत्रं. जुन्या कॅमेऱ्याला सगळे म्हातारा म्हणतात. फिरताना त्याची मान करकरते. मध्येच थबकतो, काय करायला निघालो होतो ते विसरल्यासारखा. त्याच्या तोंडावर शिशाची जाड चाळणी आहे. किरण त्या भोकांतून सरळ आले तर तो बघणार, तिरके आले की दार बंद. त्याच्यासाठी जे औषध टोचतो ते हाडांत जाऊन बसतं. हाड जिथं मोडलंय, झिजलंय किंवा आतून पोखरलंय आणि आपलं आपण डागडुजी करतंय, तिथं जास्त बसतं. तिथं चित्रात काळा डाग उमटतो. डाग कशाचा, ते म्हातारा सांगत नाही. पडल्याचा, वयाचा, की त्या दुसऱ्याचा, कॅन्सरचा? "इथं काहीतरी चाललंय बुवा," एवढं सांगून तो गप्प.

दुसरं पेट स्कॅनचं यंत्र, गेल्या वर्षी आलेलं. त्याचं नाव नवरी. हे नाव मीटरनं ठेवलं. मीटर म्हणजे आमचे किरणांची मोजमापं बघणारे साहेब. हातात सदा टिकटिकणारं मापयंत्र, म्हणून ते मीटर. तोंडावर म्हटलं तरी हसतात. "बघा तिचे नखरे," ते म्हणतात. "सहा तास उपाशी राहा, साखर मोजून द्या, गरम खोलीत बसा, तासभर बोलू नका. म्हाताऱ्याला काय लागायचं? पोटभर पाणी आणि धीर."

नखरे उगाच नाहीत. नवरीचं औषध म्हणजे किरण लावलेली साखर. अंगात जे भुकेलं असेल ते ही साखर खातं, आणि ती गाठ फार खादाड असते. पण माणूस बोलत बसला तर गळ्याचे स्नायू खातात, थंडीनं आखडला तर खांदे खातात, आणि चित्रात नको तिथं दिवे लागतात. तर म्हातारा हाडाची डागडुजी बघतो आणि नवरी भूक बघते. एकाच दुखण्याला दोन दारांनी जायचं.

कुठलं दार बरं, ते ठरवायचं काम यंदा निघालं. तीस पेशंट. प्रत्येकाची चित्रं एकाच आठवड्यात दोन्हीकडे काढायची, शेजारी शेजारी लावायची आणि कुणाला काय दिसलं ते तक्त्यात भरायचं. तीस झाले की म्हाताऱ्याला ठेवायचं की निरोप द्यायचा ते ठरणार.

तेविसावी पेशंट माझी ताई.

*

तीन वर्षांपूर्वी तिच्या छातीतली गाठ काढली. नंतर सलाईनमधून जहाल औषधं दिली. केस गेले, नखं काळी पडली, तोंडाची चव गेली. शेवटच्या दिवशी पलंगावरून उतरताना ती म्हणाली होती, "झालं. आता मेले तरी ही बाटली पुन्हा लावून घेणार नाही." मग केस आले, मऊ आणि कुरळे, लहान बाळाच्या जावळासारखे. ताई हसायला लागली. यंदाच्या सुरुवातीला उजवी मांडी दुखू लागली, म्हणून डॉक्टरांनी तिला हाडांच्या चित्रासाठी म्हाताऱ्याकडे पाठवलं. त्याला आता पाच महिने झाले.

तो दिवस मला घटकेघटकेनं आठवतो. म्हाताऱ्याचं औषध लघवीतून बाहेर पडतं. त्यामुळं चित्राआधी पेशंटला लघवीला पाठवतो. एखादा थेंब कपड्यावर पडला तर तोही चित्रात काळा डाग होऊन दिसतो, अगदी हाडातला असावा तसा. आमच्याकडे हे रोजचं आहे. त्यावरचा नियमही ठरलेला: कपडे बदलायचे, अंग पुसायचं आणि चित्र पुन्हा काढायचं. डाग गेला तर थेंब. राहिला तर हाड.

ताईच्या चित्रात उजव्या खुब्याखाली डाग आला. हरभऱ्याएवढा.

मी पडद्याजवळून उठले. गाऊन बघितला तर तिथंच ओलसर होता. तो ओलावा बघून मला केवढं हायसं वाटलं! "थेंब सांडलास गं," मी म्हणाले.

"अठ्ठावन्न वर्षांची झाले आणि धाकट्या बहिणीकडून हे ऐकायचं," ताई म्हणाली. "कुणाला सांगू नकोस."

तिला उठवलं, पुसलं, गाऊन बदलला. "पुन्हा झोप, एकदा परत बघते," म्हणाले. तिनं त्या कडक फळीकडे बघितलं. अर्धा तास तिच्यावर पडून तिचं अंग ठेचल्यासारखं झालं होतं. "सोड ना गं. तुला दिसला ना थेंब?" बाहेर औषध टोचलेले दोघे ताटकळत होते. त्यांची वेळ टळत होती. माझे पाय भरून आले होते.

ही सगळी खरी कारणं आहेत, आणि एकही खरं नाही. पुन्हा चित्र काढलं आणि डाग राहिला तर? ते मला बघायचं नव्हतं. शंभरातले नव्वद डाग थेंबाचेच असतात, असं मी स्वतःला सांगितलं आणि फॉर्मवर लिहिलं: "थेंब. पुसल्यावर गेला."

डॉक्टरांनी तेवढं वाचून रिपोर्ट दिला. हाडं स्वच्छ. माझ्या अक्षरावर त्यांनी कधी शंका घेतली नव्हती, आणि तशी वेळही मी कधी येऊ दिली नव्हती.

नंतर पाच महिने ताई मांडीला तेल चोळत राहिली. फोनवर म्हणायची, "वयाचं आहे गं. तूच तर बघितलंस ना, काही नाही ते." मी "हं" म्हणायचे आणि विषय बदलायचे. रात्री अंथरुणावर पडलं की फॉर्मवरचे ते तीन शब्द डोळ्यांपुढे यायचे. उद्या बोलू, म्हणून कूस बदलायची. असे किती उद्या गेले.

*

दुखणं वाढलं तेव्हा डॉक्टरांनीच तिला त्या तिसांच्या यादीत घातलं.

मंगळवारी म्हाताऱ्याची पाळी. या वेळी ताईचा गाऊन कोरडा होता. मी तिला लघवीहून आल्यावर पुसलं, चित्राआधी नवा गाऊन दिला. म्हातारा करकरत तिच्यावरून सरकला आणि उजव्या खुब्याखाली डाग उमटला. मी कपडे बदलून पुन्हा चित्र काढलं, मग बाजूनंही काढलं. जे तेव्हा एकदा करायचं होतं ते तीन तीनदा केलं. डाग तिथंच.

दुपारी डॉक्टरांनी जुनं आणि नवं चित्र शेजारी लावलं.

"गंमत आहे," ते म्हणाले. "तेव्हाचा थेंब अगदी याच जागी पडला होता."

मीटर खुर्चीवरून वाकले. "योगायोग म्हणायचा. नाहीतर म्हाताऱ्याला भविष्य दिसायला लागलं."

डॉक्टर हसले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "पुसल्यावर गेलेला तुम्ही स्वतः बघितला होतात ना?"

सव्वीस वर्षं मी चेहरा सांभाळायला शिकले आहे. तो त्या क्षणी कामाला आला.

"हो," मी म्हणाले.

मीटरनं तक्ता उघडला आणि तेविसाव्या ओळीत, पाच महिन्यांपूर्वीच्या चित्रासाठी ठेवलेल्या रकान्यात लिहिलं: जुना कॅमेरा, काही दिसले नाही. मी ते वाचलं. खोलीच्या कोपऱ्यात म्हातारा मान खाली घालून उभा होता. त्याला कुठं तोंड आहे बोलायला.

*

शुक्रवारी सकाळी ताई उपाशीपोटी आली, भाऊजींचा हात धरून. तिचे यजमान म्हणजे आमचे भाऊजी, शाळेतून निवृत्त झालेले ड्रॉइंगचे मास्तर. बोलणं कमी. काळजी लागली की वस्तू नीट मांडतात. बाहेरच्या बाकावर त्यांनी पिशवी, पाण्याची बाटली, बिस्किटांचा पुडा अगदी सरळ रेघेत लावला.

"ही तुमची नवरी कशी बघते?" सुई टोचायच्या आधी ताईनं विचारलं.

"औषधातून किरण जोडीनं निघतात. एक या बाजूला, एक बरोबर उलट बाजूला. दोघं एकाच क्षणी दोन टोकांना पोचले की यंत्राला कळतं, या दोघांचं घर मधल्या रेघेवर कुठंतरी आहे."

"म्हणजे आपल्यासारखं," ताई म्हणाली. "एका घरातून निघालो, तू या टोकाला, मी त्या टोकाला. कुणीही आपल्याला बघून सांगेल, यांचं घर कुठं ते."

मी सुईकडे बघत राहिले. शिशाच्या नळीत बसवलेलं ते इंजेक्शन हाताला जड लागतं. औषध आत गेलं. मी दोन पावलं मागं सरकले.

"आता तासभर गप्प. बोललीस तर गळा पेटेल चित्रात."

"जन्मात जमलं नाही ते," ती म्हणाली आणि ओठांवर बोट ठेवून डोळे मिटले.

गरम खोली, मंद दिवा, आरामखुर्ची. मी पांघरूण घालायला आत गेले. तिचे कुरळे केस उशीवर पसरले होते. मला वाटलं, आत्ता सांगावं. ती बोलू शकणार नाही. रागावू शकणार नाही. उठून जाऊ शकणार नाही. मी सगळं बोलून टाकीन आणि तिला नुसतं ऐकावं लागेल. ओठ उघडलेसुद्धा.

मग ताईनं एक डोळा किलकिला करून माझ्याकडे बघितलं आणि गाल फुगवले, लहानपणी न बोलण्याची पैज लागली की फुगवायची तसे.

तिचं तोंड बंद असताना माझं उघडायचं, हा रडीचा डाव होता. मी पांघरूण नीट केलं आणि बाहेर आले.

तासानं तिला नवरीच्या बांगडीतून सरकवलं. मी काचेआड बसले. पडद्यावर एकेक चकती उतरत गेली. मेंदू उजळ, तो नेहमीच साखरेला हपापलेला. हृदय धूसर. यकृत, फुप्फुसं शांत. कणा शांत. मग उजवा खुबा, आणि त्याखाली एक दिवा.

एकच. मी वर-खाली, मागं-पुढं सगळं पुन्हा बघितलं. दुसरा कुठंच नव्हता. मंगळवारच्या चित्रावर ते चित्र ठेवलं. डागावर दिवा बरोबर बसला. मग पाच महिन्यांपूर्वीचं जुनं चित्र काढलं आणि मोजपट्टी लावली. तेव्हाचा हरभरा आणि आजचा हरभरा. कणभर मोठा असेल, जास्त नाही.

*

डॉक्टरांच्या खोलीत ताई आणि भाऊजी खुर्च्यांवर बसले. मी दाराशी उभी राहिले. डॉक्टर हळू आवाजात बोलणारे. वाईट बातमी ते टेबलावर काचेचं भांडं ठेवावं तशी ठेवतात.

"एकाच ठिकाणी आहे. उजव्या मांडीच्या हाडात, वरच्या बाजूला. बाकी सगळं स्वच्छ, ही फार चांगली गोष्ट. पण एक काळजी आहे. पाच महिन्यांपूर्वी तुमचं हाड साफ होतं. म्हणजे एवढ्यात हे शून्यातून इथवर आलं. वेग जास्त आहे."

"म्हणजे?" भाऊजींनी टेबलावरचं पेन उचलून सरळ केलं.

"हळू वाढणारं असतं तर रोजच्या गोळ्या आणि त्या जागेवर किरणांचा शेक यावर वर्षानुवर्षं भागतं. या वेगाला तेवढं पुरणार नाही. पुन्हा सलाईनमधलं औषध लागेल. सोमवारी सुरू करू."

ताईचा हात आपोआप केसांवर गेला. तिनं नुसती मान हलवली.

आम्ही बाहेर आलो. भाऊजी म्हणाले, "मी रिक्षा बघतो," आणि पिशवी घेऊन निघाले. जाताना बाकावर बिस्किटांचा पुडा विसरले. ते कधी काही विसरत नाहीत.

ताई बाकावर बसली. मी समोर उभी राहिले. दोन पावलं लांब, सवयीनं.

"ये ना, बस."

"अजून दोन तास लांब राहायचंय तुझ्यापासून."

"हो, आता मी उजेड पाडतेय नाही का." तिनं पुडा फोडला. सकाळपासून उपाशी होती, पण एक बिस्किट हातात धरून नुसती बसली. मग माझं तोंड बघून तीच माझी समजूत घालायला लागली. "अशी काय उभी? एवढं काही नाही. केस काय, गेले तसे येतील. मागच्यापेक्षा चांगलेच आलेत. आणि नशीब बघ, तेव्हा काही नव्हतं आणि आता लगेच सापडलं. लवकर सापडलं म्हणायचं. तू इथं आहेस म्हणून. दुसऱ्या कुणी इतकं बारीक बघितलं असतं का?"

दोन पावलं ओलांडून मी तिच्या शेजारी बसले. छातीवरचा किरणमोजणीचा बिल्ला तिच्या खांद्याला टेकला. टेकू दे.

ताईनं माझ्याकडे बघितलं. तिनं बिस्किट पुड्यात परत ठेवलं आणि हात झटकले.

"काय गं," ती म्हणाली. आवाज बारा वर्षांच्या मुलीचा होता. "काय सांडलंस?"

"ताई, तो थेंब गेला नव्हता. म्हणजे थेंब होता की नाही तेच मला माहीत नाही, कारण मी परत बघितलंच नाही. तुला पुसलं, गाऊन बदलला आणि चित्र न काढताच गेला म्हणून लिहिलं. मला भीती वाटली. मंगळवारी डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही हो म्हणाले. पाच महिने तू फोनवर सांगत होतीस, मांडी दुखते, आणि मी विषय बदलत होते. आज मोजला मी. तेव्हा होता तेवढाच आहे. तो वेगानं वाढत नाहीये, ताई. तुला ती बाटली कदाचित लागणारच नाही, पण माझ्या त्या तीन शब्दांवर ती सोमवारी लावतील. म्हणून आत्ता उठ. माझ्याबरोबर आत चल. हेच सगळं डॉक्टरांसमोर तुझ्यादेखत बोलते. मग मार, बोलू नकोस माझ्याशी, जे करायचं ते कर. म्हाताऱ्याला दिसलं होतं गं. मीच बघितलं नाही."